साड्यांचं कुंपण

माझं अक्षर चांगलं नाही. शाळा चौथीतच सुटली, आणि त्यालाही आता इतकी वर्षं झाली की वेलांटी पहिली की दुसरी हे ठरवताना हात थांबतो. कुठं काना राहिला असेल, कुठं एखादा शब्द दोनदा पडला असेल, तर त्याची माफी आधीच मागते. कुणाची मागते ते मलाही ठाऊक नाही, कारण हे कुणाला दाखवायचं नाही. बोलायला मी पहिल्यापासून कच्ची. चार माणसांत तोंड उघडायचं म्हटलं की घसा कोरडा पडतो, आणि जे बोलायचं ते घरी आल्यावर, भांडी घासताना आठवतं. कागद मध्येच तोडत नाही, हसत नाही, एवढं बरं आहे.

तुरीला शेंगा भरल्या आणि आमच्या शिवारात पुन्हा साड्या लागल्या. आमचं गाव देवणीच्या अलीकडं, कर्नाटकाच्या शिवेजवळ. माळावरच्या झुडपांतून रानडुकरं उतरतात आणि तुरीचा अख्खा पट्टा आडवा करून जातात. तारेचं कुंपण सगळ्यांना परवडत नाही. म्हणून दिवाळी झाली की माणसं बांधावर बाभळीचे खुंट रोवतात आणि एका खुंटापासून दुसऱ्या खुंटापर्यंत जुन्या साड्या ताणून बांधतात. वाऱ्यानं साडी हलली की डुकराला वाटतं, कुणीतरी उभं आहे. घरच्या साड्या कमी पडल्या तर आठवडी बाजारात किलोवर मिळतात.

सकाळी रानात जाताना दोन्ही अंगांनी रंगच रंग दिसतात. नवा माणूस म्हणेल, इथं काय जत्रा भरली आहे. नायलॉनमध्ये दव मुरत नाही, काठाला थेंब होऊन लोंबत राहतं. ऊन चढलं की कापड कागदासारखं वाजायला लागतं. आम्हा बायांना त्यातली प्रत्येक साडी ओळखू येते. ही पाटलाच्या सुनेच्या हळदीची. ती पोपटी, कुणाच्या तरी डोहाळजेवणाची. आणि ओढ्याच्या कडेला जांभळी आहे ना, ती गंगाबाईची. गंगाबाई जाऊन कितीतरी पावसाळे झाले. तिची साडी अजून शेत राखते आहे. रंग थोडा उडाला, बाकी काही झालं नाही.

ज्या साली माझी गाय गेली आणि तिच्यापायी माझं माहेर तुटायला आलं, तो हंगाम मला ह्या साड्यांवाचून आठवतच नाही.

आमच्याकडं साडी विकत घ्यावी लागत नाही, ती येतच राहते. लग्नात येते, बारशात येते, घरभरणीला येते, मयतीनंतर दुखवट्यालाही येते. कुणी नेसायला म्हणून देत नाही आणि कुणी नेसायला म्हणून घेत नाही. घडी न मोडता पेटीत ठेवायची आणि पुढच्या लग्नात पुढं ढकलायची. आमच्या शेजारच्या कलाबाईला एकदा तिनंच दिलेली साडी तीन गावं फिरून परत आली होती. भर मांडवात ती ओरडली, "अगं बाई, ही तर मीच दिलती! कुणी घडीसुदिक मोडली न्हाई माझ्या लेकराची!" सगळ्या बाया हसून हसून बसल्या. मीही हसले होते. आम्ही सगळ्याच साड्यांना नायलॉन म्हणतो. दुकानदार कशाला सिल्क म्हणतो, कशाला जॉर्जेट म्हणतो, हात लावला की सगळं एकच, गार आणि निसरडं.

माझी आई सुती लुगडं नेसायची. उमरीच्या बाजूला आमचं कापसाचं रान. आईकडं लुगडी दोनच, एक अंगावर, एक वाळत. नवं असताना ते खरखरीत असायचं, खळीचा वास यायचा. धुऊन धुऊन मऊ पडायचं. मधोमध विरलं की आई ते उभं फाडून, बाजूचे काठ एकमेकांना जोडून पुन्हा नेसायची. तेही विरलं की त्याची वाकळ शिवली जायची. त्यातला चांगला तुकडा आधी कुणाच्या तरी बाळंतिणीकडं जायचा, कारण नव्या जिवाला पहिलं कापड जुनं आणि मऊच लागतं. मग उरलेल्याचं पोतेरं व्हायचं, चुलीपुढं, शेणाच्या हातात. शेवटी ते उकिरड्यावर जायचं आणि खतात कुठं जायचं ते कळायचंही नाही. लुगडं संपायचं. तेव्हा ह्यात काही विशेष आहे असं वाटलं नव्हतं. कापड आहे, संपणारच.

आईमागं घर वहिनीकडं आलं. वहिनी म्हणजे आडदांड बाई, हसली तर दोन वावरं पलीकडं ऐकू जाईल अशी. दादा तिच्यापुढं अर्धाच दिसतो. कापूस वेचायला जाताना ती नायलॉनची साडी नेसते, वरून दादाचा जुना पूर्ण बाह्यांचा शर्ट घालते, कमरेला ओटी बांधते आणि दुपारपर्यंत कुणाशी बोलत नाही. बोंडाच्या टोकांनी साडीचे धागे ओढले जातात, घामानं ती पाठीला चिकटते. कापसात उभ्या बाईच्या अंगावर कापसाचा एक धागा नाही, हे मी तेव्हा बघत होते, पण मला दिसलं नव्हतं.

आम्हाला गाय घ्यायची होती. माझ्या मालकांनी देवणीच्या बाजारात बघून ठेवली होती, पैसे मात्र निम्मेच जमले होते. मी दादाकडं विषयही काढला नाही. वहिनीनंच माझ्या तोंडाकडं बघून ओळखलं.

"काय अडलं, वन्स? बोला की. तोंडात काय गूळ धरलाव?"

मी कसंबसं सांगितलं.

"अन् एवढ्यापायी तोंड सुकवून बसलाव? निम्मे तुमचे, निम्मे मपले. वेचणीचे हायत, तुमच्या भावाचे न्हाईत, त्यांना इचारायची गरज न्हाई. दूध घाला अन् सवडीनं द्या."

गाय शेवरी होती, पांढऱ्या अंगावर काळे ठिपके, कान लोंबते, डोळे असे शांत की बघणाऱ्याला झोप यावी. तिचं नाव मैना ठेवलं. धार काढायला बसले की ती मान वळवून माझा पदर तोंडात धरायची. घामाचा खारटपणा तिला आवडत असावा. चघळून चघळून पदर ओला करायची. मी ओढायचे, ती सोडायची नाही. हे म्हणायचे, "तुहा पदर तुह्या सासूनं कवा धरला न्हाई एवढा हिनं धरला." त्या घरात मी मोठ्यानं हसले ते बहुतेक त्या दिवसांतच.

त्या वर्षी तुरी चांगल्या होत्या. ह्यांनी कुंपणाला घरातल्या साड्या मागितल्या. मी पेटी उघडून दिल्या. सगळ्या गावानं दिल्या होत्या. त्यात एक निळी होती, चंदेरी काठाची, मागल्या भाऊबीजेला वहिनीनं दिलेली. ती मी नेसत होते, पण चुलीच्या ठिणगीनं तिला भोक पडलं होतं. ठिणगीनं सुती कापडाला भोक पडतं तसं नाही, कडेनं वितळून घट्ट कडं तयार होतं. अशी साडी नेसायला लाज वाटते, म्हणून दिली.

मार्गशीर्षात मैनानं वैरण सोडली. आधी वाटलं अजीर्ण असेल. ओवा दिला, गूळ दिला. रवंथ थांबलं. डावी कूस नगाऱ्यासारखी फुगली, आणि ती आपली मान खाली घालून उभी, जणू तिचंच काही चुकलं आहे. मग ह्यांनी देवणीहून जनावरांच्या डॉक्टरांना आणलं. त्यांनी कुशीवर बोटं वाजवून बघितली, आम्हा दोघांकडं बघितलं आणि विचारलं, "कापड खाते का ही?"

अंगणातल्या लिंबाला तिला उभीच बांधली. डॉक्टरांनी भूल दिली, डाव्या कुशीला चीर दिली आणि कोपरापर्यंत हात आत घातला. पिळलेल्या दोरासारखं काहीतरी बाहेर यायला लागलं. हिरवं, घाण वासाचं, आणि ते संपतच नव्हतं. भिंतीपलीकडून बघणारी कलाबाई म्हणाली, "ओ माय, कुंपण निघून राहिलं की आतून!" पण त्या वेळी कुणी हसलं नाही. ह्यांनी तो गोळा बादलीत टाकून वर पाणी ओतलं, तसे रंग उघडे पडले. गुलाबी. पोपटी. पिवळा. आणि एक लांब पट्टी निळी, चंदेरी काठाची, कालच दुकानातून आणल्यासारखी.

डॉक्टर हात धुताना म्हणाले, "सुती असतं ना बाई, तर पचवलं असतं तिनं. कापूस म्हणजे काय, झाडपालाच आहे. हे कापड नाही, हे प्लास्टिक आहे. जमिनीतल्या तेलापासून बनतं. गाईच्या पोटात कुजत नाही, मातीतही कुजत नाही."

"म्हंजे राकेलपासून?" ह्यांनी विचारलं.

"तसंच समजा."

मी पदराकडं बघितलं. आजारी पडायच्या आधी मैनानं चघळलेला होता, अजून चुरगळलेला.

ती दोन दिवस उभी राहिली. थोडं पाणी प्याली. तिसऱ्या दिवशी बसली आणि मग उठली नाही. ह्यांनी तिला बांधाच्या कडेला मीठ घालून पुरलं. वाटलं, आता ह्या घरात रडू येईल, भांडण होईल, कुणी कुणाला बोल लावेल. काहीच झालं नाही. बोल लावायचा कुणाला? साड्या सगळ्या गावाच्या होत्या. दावं मात्र बरेच दिवस खुंट्याला तसंच राहिलं. दोन वर्षांनी तिथं नांगर चालवला. गाय मातीला मिळाली होती, एखाददुसरं हाड सोडलं तर काही उरलं नव्हतं. पण नांगराच्या फाळाला दर फेरीत काहीतरी रंगीत अडकून वर येत होतं.

मी काही मोठी शपथ घेतली नाही. कुणाला सांगितलंही नाही. एवढंच मनाशी ठरवलं की असलं कापड आता घरात यायला नको. नवं घ्यायचं ते सुतीच. पेटीतल्या नायलॉनच्या साड्या टाकाव्यात तर कुठं टाकाव्या? जाळून बघितली एक. काळा धूर निघाला, घशात बसला, आणि मागं डांबरासारखा गोळा राहिला. मग बाकीच्या तशाच पेटीत ठेवल्या. आता ज्या आहेत त्याच फाटेपर्यंत नेसायच्या, पण रानाला द्यायच्या नाहीत.

"मंग कुंपणाला काय लावू? तुह्या मनातला इचार?" हे म्हणाले. "डुकराला काय, सुती अन् नायलॉन कळतंय व्हय?"

पण त्यांनीही तेवढंच म्हटलं. दुसऱ्या दिवशी बाभळीच्या आणि बोरीच्या काट्या तोडून आणल्या. हात रक्ताळले होते. काट्यांच्या कुंपणातून डुकरं तरीही शिरतात. त्या वर्षी शिरली. तुरीचा एक कोपरा गेला. ह्यांनी मला काही म्हटलं नाही, आणि त्या न म्हणण्याचं ओझं मला आजही वाटतं.

माघात माझ्या भाच्याचं, म्हणजे दादा-वहिनीच्या मुलाचं लग्न होतं. नवरदेवाची आत्या म्हणून माझा मान. लग्नाला नेसायला एक सुती साडी घ्यावी म्हणून मी उदगीरला गेले. एकटीनं दुकानात शिरायची हिंमत नाही म्हणून कलाबाईला बरोबर घेतलं. दुकान अप्पांचं. कपाळाला भस्माचे पट्टे, गळ्यात लिंग, बोलणं मऊ. मी हळूच म्हटलं, सुती दाखवा. त्यांनी ढीगच पुढं टाकला.

"हे बगा अक्का, कॉटन. येकदम कॉटन."

हाताला गार लागत होतं. मी कलाबाईकडं बघितलं. कलाबाईचं माहेर शिंप्याचं, तिला कापड कळतं. ती म्हणाली, "अप्पा, एक धागा काढून द्या. जाळून बघते."

"दुकान जाळायला आलाव काय अक्का?"

पण हसत हसत त्यांनीच उदबत्तीची काडेपेटी काढली आणि धागा पेटवला. धागा आक्रसला, काळी बारीक गोळी झाली. अप्पांना त्याचं काही वाटलं नाही. "मिक्स हाय. आता समदं मिक्सच येतंय. लोकांस्नी तेच पायजे."

मग त्यांनी वरच्या फळीवरून एक साडी उतरवली. तिचा धागा पेटवला तर कागद जळाल्यासारखा वास आला आणि करडी राख राहिली, फुंकर मारली की उडणारी. मी त्या साडीवर हात ठेवला. आईच्या मांडीवर डोकं ठेवल्यावर गालाला लागायचं तसं लागलं. अप्पांनी किंमत सांगितली आणि मी हात उचलला.

"रोजच्याला असलं कोण नेसतंय, अक्का?" अप्पा समजुतीनं म्हणाले. "रंग जातंय, आटतंय, पावसाळ्यात वाळत न्हाई, इस्त्री पायजे. आता शहरातले पैशेवाले नेसतेत हे. तुमाला ते बरं. धुतलं की वाळलं."

त्यांचं खोटं नव्हतं. ज्या बाईला सकाळी धुतलेली साडी दुपारी नेसून खुरपायला जायचं असतं, तिच्या सोयीचं ते नायलॉनच. परत येताना कलाबाई बसच्या खिडकीतून थुंकली आणि म्हणाली, "वेचायचं आपण, अन् नेसायला पैशेवाले. घ्या!" वहिनीचे पैसे देणं होतं. गाय नव्हती, दूध नव्हतं, पण पैसे होतेच. ते फिटेपर्यंत महागाची साडी घेणं मला शोभलं नसतं, आणि स्वस्तातली घ्यायची नव्हती. म्हणून मी काहीच घेतलं नाही.

लग्नात मी जुनीच साडी नेसून उभी होते. मांडवात हळदीचा वास, भाताची वाफ, बायांच्या अंगावर चमचम. आहेराच्या वेळी वहिनीनं मला सगळ्यांआधी हाक मारली. बाकीच्यांना ढिगातल्या साड्या होत्या. माझी तिनं वेगळी पिशवीत ठेवली होती, नांदेडच्या मोठ्या दुकानातून आणलेली. डाळिंबी रंग, खड्यांचा काठ. तिचा चेहरा असा फुलला होता की मला अजून तो समोर दिसतो. "बगा वन्स, तुमच्यासाठी म्या सोता निवडली. अख्खा दिस घातला."

मी हात लावला. गार. निसरडं.

"वैनी," मी म्हटलं, "साडी नको. नुसता नारळ द्या."

"काय?"

"नको साडी. नारळ द्या."

आजूबाजूचा गलका थांबला. आत्यानं आहेर परत करणं म्हणजे काय, हे आमच्यात सांगावं लागत नाही. वहिनीनं साडीकडं बघितलं, माझ्याकडं बघितलं. आधी तिला खरंच कळलं नव्हतं. मग चेहरा उतरत गेला.

"हलकी वाटली व्हय?"

"न्हाई हो."

"मंग? रंग न्हाई आवडला? बोला की! काहून नको?"

मला बोलायचं होतं. पण हळदीच्या मांडवात मेलेल्या गाईचं नाव कसं काढायचं? आणि तिच्या पोटातून निघालेली ती निळी पट्टी कुणाच्या हातची होती, हे कसं सांगायचं? तिनं प्रेमानं दिलेली साडी, तिच्याच पैशाच्या गाईला लागली. हे ऐकलं तर तिला आयुष्यभर साडीला हात लावताना तेच आठवेल. मी मान खाली घालून उभी राहिले.

"पैसे घ्यायला मपले हात चांगले," वहिनी म्हणाली, आणि तिचा तो दोन वावरं ऐकू जाणारा आवाज सगळ्या मांडवात गेला, "अन् साडी घ्यायला वाईट? नणंदबाई, लई मोठ्या झालाव तुमी. मपले पैसे तेवढे देऊन टाका. अन् त्या फोनवर-बिनवर टाकू नका. मपल्या हातात आणून द्या."

दादा मध्ये पडला, "अगं, आज लग्न हाय..." पण तो नेहमी मध्ये पडतो तसाच पडला, कुणाला अडवत नाही असा. नारळही कुणी दिला नाही. मी अक्षता टाकल्या आणि शेवटच्या बसनं परत आले.

त्या साली पंचमीला मूळ आलं नाही. आमच्याकडं पंचमीला लेकीला माहेरी न्यायला कुणीतरी येतं. मी बांगड्या भरल्या होत्या, दारात दोनदा-तीनदा जाऊन रस्ता बघितला. झोक्यावरच्या पोरींची गाणी ऐकत चूल पेटवली. भाऊबीजेला दादा आला, उभ्या उभ्या. ओवाळणीच्या ताटात त्यानं पैसे टाकले, साडी नाही. बसला नाही. "ती इचारत हुती तुला," एवढं म्हणाला. काय विचारत होती, ते त्यानं सांगितलं नाही आणि मी विचारलं नाही.

त्यानंतर दरवर्षी सुगी झाली की मी उमरीला जाऊ लागले. सोयाबीन काढणीची मजुरी, तुरी झोडपायची मजुरी, जे उरेल ते घेऊन. वहिनी पैसे घ्यायची, चहा ठेवायची, आणि आम्ही दोघी चहा प्यायचो. बोलणं नाही. कधी ती म्हणायची, "औंदा पाऊस कसा हाय तिकडं?" मी म्हणायचे, "हाय बरा." एकदा मी धीर करून गाईचं सुरू केलं, तर ती म्हणाली, "गाय मेली तर साडीचा काय दोष, वन्स? जनावर हाय, कायबी खातंय." मी कपबशा विसळायला उठले. गावातल्या बायांनी माझं नाव सुतीबाई ठेवलं. सुती अंगावर एकही नसताना.

कधी कधी वाटतं, हे सगळं कशासाठी? दादा कापसावर फवारणी करतो तेव्हा त्याचे डोळे दोन दोन दिवस लाल असतात. पाठीवरचा पंप गळून सदरा भिजतो, त्या सदऱ्याला वहिनी घरातल्या धुण्यात मिसळू देत नाही. विहिरीवर त्या दिवसांत पाखरं उतरत नाहीत. मग ज्या कपड्यासाठी मी माहेराशी वाकडं घेतलं, त्याच्याही मुळाशी विष आहेच. मी शिकलेली असते तर कदाचित ह्याचा हिशेब लावला असता. कोणतं कापड कमी वाईट, कोणतं जास्त. मला एवढंच कळतं की एक कापड संपतं आणि एक संपत नाही. आणि जे अंगावर आहे ते विरेपर्यंत नेसलं तर निदान नवीन काही रानात जाऊन पडत नाही. म्हणून मी टाके घालत राहते. माझ्या रोजच्या साड्यांना आता साडीपेक्षा टाकेच जास्त आहेत. आपल्यामुळं जगात काही बदललं असं वाटत नाही. पुढच्या बांधावर अजून साड्या आहेतच, किलोवर मिळतात, दर वर्षी जास्त.

ह्या वर्षी वेचणी उशिरा चालली होती. मी गेले तर वहिनी घरी नव्हती, रानात होती. मी तशीच रानात गेले. लांबून दादाचा शर्ट दिसला आणि त्यात ती. खांदे खाली आलेत तिचे. केस पांढरे झालेत. मी काही न बोलता पदराची ओटी बांधली आणि शेजारच्या ओळीला लागले. इतकी वर्षं झाली तरी बोटं विसरली नव्हती. बोंडातून कापूस एका ओढीत निघतो, पानाचा चुरा मागं राहतो. उन्हात कापूस गरम असतो, जिवंत असल्यासारखा.

बऱ्याच वेळानं ती म्हणाली, "तीच साडी नेसलाव अजून?"

"हाव."

"टाक्यावर टाके. माह्या दारात अशा येता, लोकं काय म्हणतील?"

"म्हणू द्या."

ती क्षणभर थांबून माझ्याकडं बघत राहिली. मग वेचायला लागली. ओळीच्या शेवटी उभी राहून तिनं शर्टाचं बटण काढलं, पाठ खाजवली. मानेखाली सगळं लाल झालं होतं, घामोळ्यांनी. "उन्हाचं अंगाला चिकटतंय मेलं," ती म्हणाली. मी म्हणाले, "खोबरेल लावा." मग आम्ही पुढच्या ओळीला लागलो.

संध्याकाळी घरी आलो. ओसरीभर कापूस पडला होता. दादा बैलांना पाणी दाखवायला गेला होता. निघायच्या आधी वहिनीनं माझी ओटी भरली, तांदूळ आणि नारळ. तेवढंच. लग्नापासून भरली नव्हती. कुंकू लावताना तिचं बोट माझ्या कपाळावर जरा जास्त वेळ टेकलं, की मलाच तसं वाटलं, सांगता येत नाही. मी कमरेच्या पिशवीतून पैसे काढले. तिनं हात पुढं केला नाही.

"असू द्या की वन्स," ती म्हणाली. "एवढ्याचं काय. पुढच्या सालाला द्या."

"न्हाई वैनी. हे शेवटचेच हायत."

तिनं दोन्ही हात पदराला पुसले. मग चौकटीला टेकून खाली बसली, बोट ओलं केलं आणि एक एक नोट मोजायला लागली, सावकाश, जणू नोटा कमी भराव्यात असं तिला वाटत होतं. त्या कमी नव्हत्या. शेवटची नोट तिनं उलटून बघितली आणि मांडीवर ठेवली.

"भरले," ती म्हणाली. "गाईचे सगळे पैसे फिटले."